हॉलमधला पारसिक

कळव्यात राहणाऱ्याला डोंगराचं अप्रूप नसतं. मागच्या खिडकीचा पडदा सारला की पारसिक दिसतो. पावसाळ्यात हिरवागार, उन्हाळ्यात टकला. पण तो खिडकीबाहेर असतो, हा त्याचा मोठा गुण. गेल्या गणपतीत आमच्याकडे एक डोंगर हॉलमध्ये उगवला. दाराच्या उंबऱ्यापासून निघून दिवाणाला वळसा घालत टीव्हीकडे गेलेली चांगली नऊ-दहा फुटांची रांग. उंची म्हणाल तर करंगळीच्या पेराएवढीही नाही, पण हातात चहाचा ट्रे असलेल्या माणसाला तेवढी पुरते.

डोंगराचा शोध लागला तो गौरी आल्या त्या दिवशी. हिने उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढायला घेतली. ओल्या कुंकवात मूठ बुडवून ठसा उठवायचा, वर बोटाने पाच टिंबं द्यायची. पहिली दोन पावलं बरी उमटली. तिसऱ्याची टाच सपाटीवर आणि बोटं चढावर पडली. "अहो, हे वर का आलंय?" असं हिने विचारलं आणि मी "कुंकू जास्त झालं असेल" असं उत्तर दिलं. तेवढ्यात मुखवटा घेऊन मेहुणी आत आली. गौर कशाच्या पावलांनी आली, असं विचारायची पद्धत आहे आणि उत्तर ठरलेलं असतं. त्या दिवशी मागून कोणीतरी फक्त "जपून, जपून" म्हणालं. गौर ठेच लागता लागता आली.

मुळात ही सगळी माझीच हौस. आमच्या बिल्डिंगचा ताबा मिळाला 1987 मध्ये. हॉलमध्ये तेव्हाच्या चालीप्रमाणे मोझॅक टाइल्स, पिवळट पांढऱ्या, मधे काळे-तपकिरी संगमरवराचे तुकडे. त्या फरशीवर मुलीने रांगायला सुरुवात केली, कुकरची शिट्टी उडाली, पाटा आपटला, दोनदा पाइप फुटून घोटाभर पाणी साचलं. फरशी हूं की चूं करेना. पण जावयाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वूडन फ्लोअरिंग पाहून आल्यापासून मला आमचा हॉल रेशन ऑफिससारखा दिसू लागला. जावई अनवाणी चालतो तेव्हा आवाज येत नाही. मी चालतो तेव्हा 'चटक् चटक्' येतो. हा फरक फरशीचा नसून वजनाचा आहे, हे हिने तिथल्या तिथे सांगितलं होतं.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तीच या लेखातली सगळ्यात लाजिरवाणी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी 31 वर्षं आवक माल तपासायचं काम केलं. ट्रक गेटवर आला की चालान पाहायचं, लॉट नंबर जुळवायचा, सॅम्पल काढायचं, मायक्रोमीटर लावायचा आणि शक्यतो माल नापास करायचा. टेस्ट सर्टिफिकेटवर तारीख नाही म्हणून मी आख्खा ट्रक भर पावसात परत पाठवलेला आहे. बिल्डिंगमध्ये मला अजून 'इन्स्पेक्टर' म्हणतात. नवीन भाडेकरू पहिले काही महिने मला पोलीस समजून गाडी नीट लावतात. तर असा हा मी, ठाण्यातल्या एका फ्लोअरिंगच्या दुकानात गेलो.

काउंटरवर एक काचेची बरणी होती. तिच्यात पाणी आणि पाण्यात सागवानी रंगाची एक पट्टी उभी, मुरायला घातलेल्या लोणच्यासारखी. "सहा महिने झाले साहेब, पाण्यातच आहे," दुकानदार म्हणाला. मी पट्टी बाहेर काढली, बोटाने दाबली, वाकवून पाहिली. खणखणीत. हा प्रसंग जावयाला दाखवायचा म्हणून मी बरणीसकट फोटोही काढला. भाव 140 रुपये चौरस फूट. हॉल 160 चौरस फूट. दुकानदाराने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर बॉलपेनने गुणाकार केला: 22,400. मग पेन हवेत धरून त्याने तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारला. "पक्कं बिल पाहिजे का? मग अठरा टक्के वर पडतील."

अठरा टक्क्यांचे होतात 4,032. मी तोंडी हिशेब केला. एकतीस वर्षांत ज्याने एक किलो नटबोल्ट चालानाशिवाय आत घेतले नाहीत, तो माणूस डोळा बारीक करून म्हणाला, "बिल काय करायचंय? घरचंच काम आहे." वर दुकानातून बाहेर पडताना मला आपण व्यवहारचतुर असल्याचा भास झाला. दहा हजार फोनवरून दिले, बाकी रोख. ते दहा हजारही रोखच देणार होतो, पण एटीएममध्ये पैसे नव्हते. आयुष्यात एटीएमने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

टेम्पो खाडीवरचा पूल ओलांडून कळवा नाक्यावर अर्धा तास अडकला आणि दुपारी खोकी घरी पोचली. फिटर आणि त्याचा एक पोऱ्या. जुन्या मोझॅकवर फोमची चटई अंथरली, तिच्यावर पट्ट्या एकमेकींच्या खाचेत 'टक्क' करून बसवल्या, संध्याकाळी हॉल तयार. पट्ट्यांची चार कापलेली टोकं उरली. ती मी 'लागतील' म्हणून माळ्यावर टाकली आणि रिकामी खोकी भंगारवाल्याला दिली. खोक्यांचे बारा रुपये आले. तेही मी नफ्यात धरले.

पुढचे अकरा दिवस मी घरात अनवाणी हिंडत होतो.

मग गणपती आले. बाहेरून मूर्ती घेऊन येणाऱ्याच्या पायावर दारात पाणी घालायचं असतं. पाणी घालणारी हीच, आणि हात मोकळा. तांब्यातलं पाणी माझ्या पायावरून उतरलं आणि उंबऱ्याशी पट्टीच्या खाचेत शिरलं. आरतीला माणसं आली, त्यांच्या छत्र्या आल्या, छत्र्यांखाली तळी झाली. मावशी रोज नेहमीप्रमाणे बादलीभर पाण्याने हॉल पुसत होत्या. मी शांत होतो. बरणीतली पट्टी सहा महिने पाण्यात उभी होती, इथे तर नुसती आरती होती.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर मी कपाटातून माझा जुना व्हर्नियर कॅलिपर काढला. उंबऱ्यापाशी एक पट्टी उचकटली आणि तिची कोरडी कड मोजली: आठ मिलिमीटर. फुगलेली कड मोजली: अकरा पॉइंट चार. कडेचा आतला भाग तपकिरी, भुसभुशीत, नखाने निघत होता. एकतीस वर्षांत इतका चोख रिजेक्शनचा माल मी पाहिला नव्हता, आणि तो मी स्वतः पैसे देऊन, उचलून, तिसऱ्या मजल्यावर चढवला होता.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, माल एक नंबर आहे, फिटरने गॅप सोडली नसेल. फिटरला फोन केला. तो म्हणाला, गॅप बरोबर आहे, माल बघा. दोघांना एकत्र घ्यायला गेलो तर दोघांचं एकमत झालं: "तुमच्याकडे फरशी पुसतात कशी?" म्हणजे दोषी कोण, तर मावशी. मावशींनी ते ऐकलं. "चाळीस वर्षं पुसतेय, एक फरशी मेली नाही माझ्या हातून," एवढं बोलून त्यांनी दोन दिवस दांडी मारली.

मग प्रत्यक्ष दुकानात गेलो. पहिल्या वेळी बरणीकडे पाहण्याच्या नादात तिच्या डोक्यावरची पाटी वाचायची राहिली होती. लक्ष्मीच्या तसबिरीखाली लाल अक्षरात: 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलला जाणार नाही.' दुकानदाराने बोलायचे कष्टही घेतले नाहीत, नुसती हनुवटी पाटीकडे उचलली.

आमच्या मजल्यावरचे अण्णा मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद. ही चळवळ बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबईची संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासूनचं सगळं अण्णांना पाठ आहे. पंचायतीचा महिन्याचा किराणा आला की ते डाळीची पिशवी पुन्हा स्वतःच्या काट्यावर घालून पाहतात. त्यांच्याकडे जायला मी आठ दिवस टाळाटाळ करत होतो, कारण त्यांचा पहिला प्रश्न काय असेल हे मला ठाऊक होतं.

"बिल?"

मी व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. अण्णांनी ते उलट करून गुणाकार पाहिला, सुलट करून दुकानाचं नाव पाहिलं, मग पुन्हा उलट करून माझ्याकडे पाहिलं. "इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "गुणाकार बरोबर आहे."

मी सावरून घ्यायला म्हटलं, की बिल्डरला नाही का पकडता येणार? खारेगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा एक मित्र सांगत होता की रेरा कायद्याने पाच वर्षं बिल्डर बांधलेला असतो. बांधकामात, मालात दोष निघाला तर फुकट दुरुस्त करून द्यायचा, तोही तीस दिवसांत. "खरंय," अण्णा म्हणाले. "पण तो त्याने दिलेल्या फरशीबद्दल. तुमच्या बिल्डरने दिलेली फरशी अजून खाली ठणठणीत आहे. आणि बिल्डर वर."

मग अण्णांनी माझा वर्ग घेतला. त्या संध्याकाळी मला कळलं, की पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा, म्हणजे आमच्या मोझॅकपेक्षा वर्षाने मोठा. त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे आणि दोष असलेला माल परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देणं हे त्या यादीत आहे. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे ती लाल अक्षरांची पाटी सदोष मालापुढे नुसती शोभेची. "आज कितवा दिवस?" अण्णांनी विचारलं. तेविसावा. "बिलात मुदत नाही, कारण बिलच नाही. तेव्हा तीस धरू. सात दिवस आहेत. आठ तुम्ही लाजण्यात घालवलेत."

बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली अनुचित प्रथा आहे, हे ऐकून मी एकदम ताठ बसलो. म्हणजे गुन्हा त्याचा! "त्याने दिलं नाही की तुम्ही नको म्हणालात?" अण्णांनी विचारलं. मी पुन्हा सैल बसलो.

तरी बिल नाही म्हणून दार बंद होत नाही. व्यवहार झाला हे दुसऱ्या मार्गाने दाखवता येतं, आणि एटीएमच्या कृपेने दहा हजारांची नोंद माझ्या फोनमध्ये दुकानाच्या नावासकट होती. बरणीचा फोटो होता, त्याच दिवसाचा. फिटरलाही सोडायचं नाही, कारण पैसे घेऊन काम करून देणं ही सेवा. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणीसुद्धा सेवा ठरवली आहे, हे अण्णांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, जणू अर्जदार तेच होते.

"पण मालात दोष आहे हे कसं सिद्ध करणार? ग्राहक आयोग सॅम्पल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते." सॅम्पल शब्द ऐकल्यावर माझ्यातला मेलेला इन्स्पेक्टर जागा झाला. माळ्यावरचं एक कापलेलं टोक काढून मी रात्री पातेल्यात बुडवून ठेवलं. सकाळी झाकण उघडलं तर ते चहात विसरलेल्या खारीसारखं झालं होतं. थर सुटले होते आणि पाण्यावर भुसा तरंगत होता. सगळ्यात वरचा सागवानी पापुद्रा अलगद बोटाला चिकटून आला. तो निघाला कागद. छापील. म्हणजे मी ज्या लाकडावर अकरा दिवस अनवाणी फिरलो, तो लाकडाचा फोटो होता.

ते पातेलं दुधाचं होतं, हा तपशील हिच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

भानगड अशी होती, की बाजारात दिसायला सारख्या दोन जाती असतात. एकीचं नाव एसपीसी. चुनखडीची पूड आणि प्लास्टिक यांची दाबून केलेली पाटी, ती पाणी पीत नाही. दुसरी लॅमिनेट. लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी, वर कागद, त्यावर कडक पारदर्शक थर. तिची कड पाणी प्यायली की फुगते आणि पुन्हा बसत नाही. बरणीत उभी होती पहिली. घरी आली दुसरी. हे छापलेलं असतं खोक्यावर, आणि खोकी गेली बारा रुपयांत.

इथे माझ्या बाजूने साक्षात गणपती उभा राहिला. थर्माकोलवर 2018 मध्ये राज्यात बंदी आली, तेव्हापासून आमची नात मखर पुठ्ठ्याचं करते. भंगारवाला यायच्या आधी तिने एक खोकं पळवलं होतं. मखर माळ्यावर चढवताना अण्णांनी ते सहज उलटं केलं. पुढून सोनेरी कागद आणि मोरपिसं. मागून ठळक अक्षरात 'लॅमिनेट फ्लोअरिंग', जाडी, बॅच नंबर आणि पाण्याचा थेंब काढून त्यावर मारलेली फुली. पुरावा आख्खा गणपती बाप्पाच्या पाठीशी उभा होता आणि मी पुढून टाळ्या वाजवत होतो.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. समोरच्या मुलीने सौजन्याने मराठीत सगळं ऐकून घेतलं आणि सौजन्यानेच बिल क्रमांक विचारला. मी बॅच नंबर सांगितला. मग नोटीस लिहायला बसलो. माझा मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात मोझॅकचा इतिहास होता, मेहुणीची ठेच होती, मावशींचा अपमान होता, व्हर्नियरच्या मापांचं कोष्टक होतं आणि शेवटी मानसिक त्रासाबद्दल पाच लाख रुपये. अण्णांनी लाल पेन घेतलं. ठेच गेली, मोझॅक गेली, मावशी गेल्या. पाच लाखांपाशी ते थांबले. "आयोगाची फी मालाच्या किमतीवर ठरते, त्रासावर नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीच नाही. त्यामुळे त्रास फुकट लिहिता येतो, हे खरं. पण अध्यक्षांच्या घरीही फरशी असते, इन्स्पेक्टर." राहिलं दीड पान. काय दाखवलं, काय दिलं, काय झालं, किती पैसे, किती दिवसांत. बिलाबद्दल अण्णांनी एक वाक्य जसंच्या तसं ठेवायला लावलं: 'मी बिल मागितले नाही.' ते लिहिताना हात इतका जड झाला, जणू मीच पातेल्यात रात्र काढली होती.

पुढची तयारीही ठेवली होती. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, म्हणजे ठाण्याला. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइनही दाखल होते. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. निकाल तीन महिन्यांत, माल प्रयोगशाळेत गेला तर पाच, असं कायदा म्हणतो. मी फार आनंद दाखवला नाही. फास्ट गाडी समोरून धडधडत निघून जाताना पाहायची आम्हा कळवेकरांना सवय आहे.

नोटीस स्पीड पोस्टाने गेली आणि पाचव्या दिवशी दुकानदार स्वतः दारात उभा राहिला. हिने आत बोलावलं. तो उंबरा ओलांडून डोंगरावर अडखळला. मी नियोजन केलं नव्हतं, शपथेवर सांगतो. चहा झाला. टीपॉयवर अण्णांनी पुरावे मांडले होते, हळदीकुंकवाची तबकं मांडावीत तसे: बरणीचा फोटो, फोनमधली नोंद, वाळलेली खारी आणि मधोमध पाठमोरं मखर. दुकानदार मखराकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "गोडाऊनमधून पोराने चुकीचा लॉट पाठवला, साहेब." एकतीस वर्षं हेच वाक्य मी गेटवर रोज ऐकत होतो. इतकं बरं वाटलं.

तासभर घासाघीस झाली. वापरल्याचे दोन हजार कापतो म्हणाला. अण्णांनी खारी उचलून त्याच्या बशीत ठेवली. अखेर 22,400 चा चेक निघाला. फिटिंगचे पैसे माझे गेले ते गेलेच, फिटरचा फोन तेव्हापासून बंद आहे. चेक हातात देण्याआधी दुकानदाराने खिशातून घडी घातलेला कागद काढला. 'रक्कम पूर्ण मिळाली, कोणतीही तक्रार नाही.' पाकिटातून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प काढून, जिभेला लावून चिकटवलं आणि माझ्याकडून त्यावर आडवी सही घेतली. तारीख विसरलो होतो, तीही घालायला लावली. "कागद लागतो साहेब," तो म्हणाला. अण्णा खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहू लागले.

पट्ट्या उचलायला त्याचीच माणसं आली. फोम गुंडाळला आणि खालून मोझॅक बाहेर पडली. पिवळट पांढरी, कोपऱ्यात 1994 साली पाटा आपटून गेलेला टवका, सगळं जागच्या जागी. मावशींनी लगेच बादली आणली आणि गरज नसताना दोनदा पाणी ओतलं.

दुकानदार जिन्यात थांबला होता. माझ्याशी आता त्याची घरोब्याची ओळख झाली होती. आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, बरणीतला माल खरंच चांगला आहे. ओरिजिनल. तुमच्यासाठी 125 लावतो. बिलाचं काय, बघू आपण."

मी आत वळून पाहिलं. ही कंबरेवर हात ठेवून दारातच उभी होती. तिच्या मागे मावशी, हातात पिळलेलं फडकं.

"एकशेवीसला बसेल का?" असं माझ्या तोंडून निघून गेलं होतं.